सहा पुड्या चहाच्या

मैत्रिणींनो, तुमच्या घरी चहा कुठला येतो, असं मी विचारलं तर तुम्ही चटकन पुड्यावरचं नाव सांगाल. ते नको. पुड्याच्या आत काय असतं ते विचारते आहे मी. आसामचा की निलगिरीचा? दाणेदार की पानाचा? भुकटी किती, पत्ती किती? बघा, थांबलात ना! तांदूळ घेताना आपण चार दाणे दाताखाली धरून बघतो. आंबा हुंगल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. तूरडाळ लवकर शिजते की नाही, हे वाण्याला तीनतीनदा विचारतो. आणि दिवसातून चारदा सगळ्या घराच्या पोटात जाणारा चहा मात्र, सासूबाईंच्या वेळेपासून जो येत आला तोच येत राहतो. आमच्याकडेही पस्तीस वर्षं तेच चाललं होतं. त्यात बदल झाला तो सासूबाईंच्याच रक्तातल्या साखरेमुळे.

सासूबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली. चहा बंद केला नाही हं, फक्त साखर. पण दोन चमचे साखर घालून आयुष्यभर चहा घेतलेल्या माणसाला बिनसाखरेचा कप पुढे केला, तर ते चहा बंद केल्यासारखंच की! त्या चार घोट घ्यायच्या आणि कपबशी हळूच बाजूला सारायच्या. तक्रार नाही, चिडचिड नाही. पहाटे पाचचा चहा हा त्यांचा एकटीचा वेळ. घर उठायच्या आत, मागच्या दारी पायरीवर बसून, बशीत ओतून घ्यायचा. तरुणपणी बारा माणसांच्या रगाड्यात त्यांना तेवढाच वेळ स्वतःचा मिळायचा, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. साखर गेल्यावर महिन्याभरात त्यांनी पायरीवर बसणंच सोडलं. ‘थंडी वाजते’ म्हणायच्या. दिवस एप्रिलचे होते.

गोड गोळ्या घालून पाहिल्या, तर जिभेवर मागे काहीतरी चिकट रेंगाळतं म्हणून त्यांना नकोशा झाल्या. कुणी म्हणालं, गूळ घाला. मुद्दाम सांगते, गुळाला साधा समजून मधुमेहाच्या माणसाला बिनधास्त देऊ नका. गूळ ही साखरच. आणि साखरेचा हिशेब एकदा मांडून बघाच. एका चमच्यात साधारण चार-पाच ग्रॅम साखर. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे महिन्याला एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून किलोभर साखर जाते. आमच्या ह्यांनी हे गणित ऐकलं आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

शेवटी मी पेठेतल्या एका जुन्या चहावाल्याकडे गेले. पुण्यात अजून अशी दुकानं आहेत, जिथे पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून चहा काढून तागडीत घालून देतात. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही नेता तो चहा साखरेसाठीच बनलेलाय. साखर काढायची तर आधी चहा बदला.”

हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आणि त्यांचं म्हणणं किती खरं, ते चहा कसा तयार होतो हे समजून घेतलं की पटतं. दाणेदार असो की पानाचा, काळा असो की हिरवा, झाड एकच. (आपला गवती चहा तेवढा वेगळा, ते नुसतं सुवासिक गवत.) दोन पानं आणि एक कळी खुडायची. हे काम बहुतेक मळ्यांत बायकाच करतात, आणि सुमारे साडेचार किलो ओली पानं खुडावीत तेव्हा एक किलो चहा होतो. खुडलेली पानं आधी सुकवून मऊ करतात. इथून पुढे दोन वाटा फुटतात. जुन्या रीतीत पानं वळतात, म्हणजे पीळ देऊन हळूहळू चुरगाळतात. पानाचा रस हवेला लागतो आणि हिरव्याचं तांबूस होतं, चिरलेलं सफरचंद लाल पडतं ना, तसं. सावकाश झालेल्या या कामात पानाचा सुवास बराचसा टिकतो. दुसरी रीत यंत्राची. ती १९३० नंतरच्या दशकात आसामात निघाली. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान जातं, तिथे ते चिरडतं, फाटतं आणि वळून त्याची बारीक गोळी होते. आपली दाणेदार ममरी ती हीच. पान पुरतं फाटल्यामुळे रंग आणि कडकपणा पाण्यात झटकन उतरतो. थोड्या पुडीत पुष्कळ चहा होतो, दूध घातलं तरी रंग हटत नाही. आपल्या देशात आज होणारा बहुतेक चहा असाच असतो. त्याला मी वाईट मुळीच म्हणणार नाही. तो स्वस्त झाला म्हणून तर चहा गरिबाच्या चुलीपर्यंत पोचला. पण कडकपणाबरोबर तुरटपणाही आला. तो झाकायला दूध आलं, आणि दुधावर साखर. आता त्यातली नुसती साखर काढून घेतली, तर मागे काय राहणार?

म्हणून ठरवलं, नीट चाखूनच बघायचं. त्या गृहस्थांकडून शंभर-शंभर ग्रॅमच्या पाच पुड्या बांधून आणल्या: डस्ट, नेहमीची ममरी, आसामचा पानाचा चहा, दार्जिलिंग आणि निलगिरी. सहावी पुडी कांगड्याची. भाची पालमपूरला फिरायला गेली होती, तिने आणलेली ती फडताळात तशीच पडून होती. परीक्षक आम्ही चौघी. सासूबाई, धाकटी जाऊ, शेजारच्या वहिनी आणि मी.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगते. चमच्याने मोजू नका. पानाचा चहा फुलका असतो, ममरी जड. एकेक चमचा घेतलात तर वजनात बरीच तफावत पडते आणि बिचारं पान उगीचच फुळकवणी ठरतं. पोस्टातल्यासारखा छोटा वजनकाटा कुणाकडे तरी असतोच, तो मागून आणा. चहा चाखण्यासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं. त्यात दर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं मुरवणं आणि पांढरी चिनी मातीची भांडी, असं दिलं आहे. आम्ही तेच धरलं. पाणी खळखळून उकळलेलं हवं, पण चहा उकळायचा नाही. भांड्यात चहा, वर आधणाचं पाणी, आणि झाकण. आमच्याकडे झाकणांच्या सहा तऱ्हा झाल्या, लोणच्याच्या बरणीपासून विरजणाच्या ताटलीपर्यंत. भांड्यांखाली आकडे घातलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या, म्हणजे नावाला भुलायला नको. वेळ दुपारची तीनची, कारण फोडणीचा वास घरात भरलेला असला की काही कळत नाही. मधूनमधून तोंडात चार चुरमुरे टाकायचे आणि पाण्याचा घोट घ्यायचा.

आणि भुरका मारायचा! चहा पारखणारे लोक चमच्यातून मोठ्यांदा भुरका मारतात. त्याने चहा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास घशातून मागच्या बाजूने नाकात चढतो. आम्हा चौघींना लहानपणी भुरक्याबद्दल धपाटे बसलेले. पहिल्या भांड्याला कुणी धजेना. मग सासूबाईंनीच असा दणदणीत भुरका मारला की वहिनींना हसू आवरेना.

सगळ्यात आधी नुसता कोरा, दूध नाही, साखर नाही.

डस्ट अर्ध्या मिनिटातच गर्द लाल झाला. सहा मिनिटांनी तो पिणं ही शिक्षाच होती. गालाची आतली बाजू आवळून आली, कच्चं केळं चावल्यासारखी. ममरीही त्याच जातीची, पण तिच्यात थोडा गोलावा होता. दोन्हींत नंतर चमचाभर दूध घातलं तेव्हा मात्र वेगळाच प्रकार. रंग वीटकरी, सुरेख आला आणि तुरटपणा निम्म्याने उतरला. चहातल्या तुरट द्रव्यांना दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, म्हणून असं होतं. हॉटेलवाले डस्ट का वापरतात, ते मला त्या दिवशी कळलं. भरपूर दूध, भरपूर साखर आणि सतत उकळी, यांपुढे टिकून राहील असा तोच.

दार्जिलिंगचं भांडं उघडलं आणि चौघींची नाकं एकदम पुढे आली. रंग फिकट, तांब्यासारखा. वास मनुकांच्या जवळचा, थोडा फुलांचाही. आमचा नमुना मे-जूनच्या खुडणीचा होता आणि तिथे त्या खुडणीला या वासासाठीच मान आहे. मार्च-एप्रिलचा चहा आणखी फिकट, कोवळ्या चवीचा असतो. पण चमचाभर दूध पडलं मात्र, सगळं संपलं. धुवण उरलं नुसतं. सासूबाईंनी निकाल दिला, “अत्तराचं पाणी. लग्नात शिंपडा.” धाकट्या जावेला मात्र तोच सगळ्यांत आवडला आणि ती अजून त्याचं नाव काढते. किंमत ऐकून गप्प बसते, ते वेगळं.

निलगिरी स्वच्छ, तकतकीत रंगाचा निघाला. जिभेला कुठे बोचत नाही. त्याचा एक गुण नंतर लक्षात आला. भांडी तशीच राहिली होती, ती तासाभराने आवरायला गेले तर आसामचा चहा निवून गढूळ झाला होता आणि निलगिरी अजून आरशासारखा. उन्हाळ्यात लिंबू पिळून गार चहा करायचा असेल तर हा लक्षात ठेवा.

आसामचा पानाचा चहा आम्ही चौथ्या आकड्यावर ठेवला होता. वहिनींनी हुंगला आणि विचारलं, “यात सातूचं पीठ घातलंय का?” अगदी बरोबर! भाजलेल्या धान्याचा, खमंग, ऊबदार वास. चव भरीव, पण ममरीसारखी आवळून धरणारी नव्हे. सासूबाईंनी पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, मग काही न बोलता बशी ओढली आणि त्यात ओतून घेतला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांनी चमचाभर दूध मागितलं. साखर मागितली नाही.

माझा स्वतःचा कौल तेवढा राहिला. तुम्हाला सांगते, कितीतरी वर्षांत कुणी मला ‘तुला कुठला आवडला?’ असं विचारलं नव्हतं. मला पटकन उत्तरही देता येईना. ह्यांना कडक लागतो, मुलाला आलं घातलेला, सासऱ्यांना वेलदोड्याचा लागायचा. प्रत्येकाची चव मला पाठ. माझा कप म्हणजे सगळ्यांना देऊन पातेल्यात जो उरेल तो, आणि तोही गार झालेला. (तुमच्याकडे वेगळं असतं का?) मी सगळी भांडी पुन्हा एकदा चाखली आणि कांगड्यापाशी थांबले. फिकट सोनेरी, मागे किंचित गोडसर चव ठेवणारा. बाकी तिघींपैकी कुणालाच तो आवडला नाही. कांगड्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चिनी जातीची रोपं लागली आणि चहाने चांगला जोम धरला. मग १९०५ च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले. आज तिथे चहा होतो तो थोडासाच. एवढ्या मोडतोडीतून तगून राहिलेला चहा म्हणून तर मला आवडला नसेल ना, असंही मनात आलं. पण चिठ्ठी उलटायच्या आधीच तो मी निवडला होता.

त्या संध्याकाळी सासूबाई रंगात येऊन जुनं बोलत होत्या. त्यांच्या आजोळी चहाला ‘बाटगं पाणी’ म्हणायचे. ते उगीच नव्हे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून केवढं ग्रामण्य माजलं होतं! न्यायमूर्ती रानडे काय, टिळक काय, मोठमोठ्यांना त्यापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. त्यानंतर चहावाल्यांनी सरकारकडून १९०३ साली खास उपकर लावून घेतला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे त्याच पुण्याने पितळी पातेल्यात वेलदोडा घालून चहा उकळला आणि त्याला ‘अमृततुल्य’ म्हटलं!

आता आमच्या घरात काय झालं ते सांगते. सासूबाईंची साखर एका दिवसात सुटली, असं समजू नका. आसामचा पानाचा चहा आणला तरी सुरुवातीला अर्धा चमचा त्या मागतच होत्या. डॉक्टरांना विचारून तो अर्ध्याचा पाव केला, पावाची चिमूट केली. अडीच-तीन महिन्यांनी चिमूटही गेली. चहा करायची रीत मात्र कडक पाळावी लागते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग पत्ती, मग झाकण, आणि घड्याळ लावून चार मिनिटं. गॅसवर ठेवून उकळलात तर पानाचा चहाही कडूच होईल. दूध वेगळं तापवून वरून, दोन चमचे. कधी हुक्की आली तर सुंठीची चिमूट घालते. आणि हो, गेल्या दिवाळीत त्यांनी एक कप दोन चमचे साखरेचा मागून घेतला होता. मी दिला. तो काही त्यांनी पुरा संपवला नाही, ‘किती गोड गं करता तुम्ही’ म्हणाल्या.

चहाचा एक दोष सांगायलाच हवा. जेवणाला लागून चहा घेऊ नका. पालेभाज्या, नाचणी, डाळी यांतलं लोह अंगी लागायला तो आडवा येतो. पुढेमागे तास-दीड तास तरी सोडावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. जेवणाचं ताट बाजूला सारून लगेच चहाचं आधण ठेवणाऱ्या माझ्या लेकीला मी हे रोज ऐकवते.

सुटा चहा घ्यायचा तर पारख करूनही घ्या. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरा आणि थोड्या वेळाने कागद नळाखाली धुवा. गडद रंगाचे डाग उमटले तर पत्तीला रंग फासलेला आहे किंवा वापरलेला चोथा पुन्हा सुकवून विकलेला आहे असं समजा. पत्तीवरून लोहचुंबकही फिरवून बघा, लोखंडाचा चुरा असला तर चिकटून येतो. डबा घट्ट झाकणाचा हवा, काचेचा नको. आणि तो हिंगाच्या डबीशेजारी किंवा साबणाच्या फळीवर तर मुळीच ठेवू नका. चहा कुठलाही वास फार लवकर उचलतो.

तर आता आमच्या फळीवर तीन डबे आहेत. एक सासूबाईंचा, एक माझा, आणि एक ममरीचा, घरच्या बाकीच्यांना आणि आल्यागेल्याला. पहाटे पाचला त्या पायरीवर असतात. हल्ली मीही माझा कप घेऊन जाते, पण बोलत नाही, त्यांचा वेळ आहे तो.

एक युक्ती मात्र सांगते. सुट्या चहाची खरी मजा त्यात आहे. ममरीतला कडकपणा आणि पानातला सुवास दोन्ही हवे असतील तर तीन भाग ममरी आणि एक भाग आसामचं पान घ्या. ममरी नेहमीसारखी दुधापाण्यात उकळा. गॅस बंद केल्यावर पान टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. मी हा चहा कुणालाही न सांगता सकाळी ह्यांच्यापुढे ठेवला, आणि साखरही नेहमीच्या दोन चमच्यांऐवजी एकच घातली. ह्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि विचारलं, “दूधवाला बदललास का गं?”

मी हो म्हटलं.